भर उन्हात कारचा एसी थंड करत नाही: गॅस भरण्याआधी दोष कसा शोधावा

मे महिन्यात एसीची तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली, की बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालेले असते: गॅस कमी झालाय, टॉप-अप मारू. चार दिवस गाडी गारेगार चालते आणि पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. आणि कमी झालेला नसेल, तर वरून भरलेला गॅस कूलिंग आणखी बिघडवतो. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी हवा, मग उष्णता बाहेर पडते का, मग वीज, आणि गॅस सर्वांत शेवटी. पहिल्या पाच टप्प्यांत गॅसचा एकही नट सैल करावा लागत नाही. उन्हाळ्यातल्या पुष्कळ तक्रारी तिथेच सुटतात.

## तयारी

दोष दुपारी दिसत असेल तर दुपारीच तपासा. सकाळी सात वाजता अकोल्यातलीसुद्धा गाडी थंड करते. त्या वेळी मेकॅनिकला दाखवलीत तर 'एसी ओके आहे' एवढेच ऐकायला मिळेल. तपासणीची वेळ १ ते ४ आणि इंजिन पूर्ण तापलेले, हे दोन्ही हवे.

सोबत ठेवायच्या वस्तू:

- लांब टोकाचा थर्मामीटर. स्वयंपाकघरातला डिजिटल चालतो. इन्फ्रारेड गनवर भिस्त ठेवू नका, चकचकीत ॲल्युमिनियमच्या पाइपवर ती चुकीचे आकडे दाखवते.
- मल्टिमीटर, टॉर्च, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या)
- पाण्याचा स्प्रे, साबणाचे पाणी, एक कोरा कागद
- बॉनेटखालच्या एसी स्टिकरचा फोटो. गॅसचा प्रकार आणि वजन त्यावर ग्रॅममध्ये असते, बऱ्याच गाड्यांत ऑइलचा प्रकारही.

भारतातल्या बहुतेक कारमध्ये आर-१३४ए असतो. छोट्या हॅचबॅकमध्ये तो साधारण ३०० ते ४५० ग्रॅम बसतो, मागे दुसरे कूलिंग कॉइल (हवा थंड करणारी जाळी) असलेल्या सात आसनी गाडीत त्याच्या दुप्पट किंवा जास्त. अंदाज नको, स्टिकर वाचा. काही नव्या आणि आयात गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो वेगळा आहे, ज्वलनशीलही आहे, आणि त्याचे कपलिंगही वेगळे असते.

सावधान: इंजिन चालू असताना ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ नेऊ नका. इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक कारमध्ये कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. अशा गाडीत हवा आणि फिल्टर तेवढे स्वतः बघा, पुढचे काम प्रशिक्षित माणसावर सोडा.

## टप्पा १: तक्रार नेमकी काय, ते लिहा

'थंड होत नाही' ही तक्रार अर्धवट आहे. कधी, किती वेळाने, कुठल्या वेगाला, हे लिहिले की निम्मे काम होते.

- सिग्नलला गरम, हायवेला थंड: कंडेन्सरला (रेडिएटरसमोरची, उष्णता बाहेर टाकणारी जाळी) हवा कमी पडते. पंखा, कचरा, वाकलेल्या पात्या. गॅस किंचित कमी असला तरी असेच दिसते, पण आधी पंखा बघा.
- हायवेलाही मध्यम, सकाळी ठीक: गॅस कमी, कंडेन्सर आतून तुंबलेला, किंवा गरम हवा मिसळते आहे.
- सुरुवातीला छान, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा झोतच कमी: कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे. एसी दहा मिनिटे बंद ठेवून ब्लोअर चालू ठेवला आणि झोत परत आला, तर खात्री झाली.
- सुरुवातीला छान, मग झोत तेवढाच पण हवा एकदम कोमट, इंजिन गार झाल्यावर पुन्हा ठीक: कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पुलीशी जोडणारा चुंबक) तापल्यावर सुटतो आहे, किंवा इंजिनचे तापमान वाढल्याने ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एसी बंद करतो आहे.
- ड्रायव्हरकडे थंड, डावीकडे कोमट (किंवा उलट): दोन बाजूंचे तापमान वेगळे ठेवणारी सिस्टिम असेल तर फ्लॅप (हवेची वाट बदलणारी आतली झडप), नसेल तर गॅस कमी असण्याचा संशय घ्या.

हा दोष नव्हे: उन्हात बंद उभी असलेली गाडी पहिली पाच-सात मिनिटे गरम हवा टाकणारच. कसारा घाटात पूर्ण रेस दाबल्यावर काही सेकंद कॉम्प्रेसर सुटणे हेही बऱ्याच गाड्यांत मुद्दाम ठेवलेले असते.

आता मोजा. काचा आणि दारे बंद, हवा आतल्या आत फिरवणारे रिसर्क्युलेशनचे बटण चालू, तापमान सर्वांत कमी, ब्लोअर दुसऱ्या वेगावर, थर्मामीटरचे टोक मधल्या व्हेंटमध्ये. इंजिन १५०० आरपीएमला १० मिनिटे. पुढच्या बंपरसमोर सावलीतली हवा किती, तेही टिपा. बाहेर ४२-४३ अंश असताना व्हेंटला १० ते १५ अंश मिळत असेल तर सिस्टिम साधारण ठीक आहे. आयडलला (रेस न देता) तीन-चार अंश जास्त येतात. २० च्या वर असेल तर पुढे चला.

मुंबई-कोकणात एक फरक लक्षात ठेवा. तिथे पारा ३४ वरच असला तरी हवेतला ओलावा काढण्यातच एसीची बरीच ताकद जाते, त्यामुळे व्हेंटचा आकडा वाटतो तेवढा खाली येत नाही. गाडीखाली पाण्याची धार लागते ती याचीच. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की गाडीखाली जेमतेम थेंब पडतात. 'पाणी पडत नाही म्हणजे गॅस नाही' हे तिथे खरे नव्हे.

## टप्पा २: आतली हवा

ग्लोव्ह बॉक्स काढा, मागे केबिन फिल्टर असतो. तो उन्हाकडे धरा, आरपार उजेड दिसला नाही तर बदला. झटकून परत बसवायचा नाही, बारीक धूळ आत रुतलेलीच राहते. बाण हवेच्या दिशेने हवा.

काही गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये फिल्टरच दिलेला नसतो, त्या जागी नुसते झाकण असते. अशा गाडीत सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते, आणि कापसाच्या पट्ट्यात तर तंतूंचा नमदाच जमतो. झाकण काढून टॉर्चने बघा. कॉइलच्या पात्या दिसल्या पाहिजेत. राखाडी थर दिसला तर कॉइल साफ केल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी खोटी ठरेल, गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजचे आकडेसुद्धा.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगालाच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेला. त्याचा गॅसशी काही संबंध नाही.

तपासा: ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून रिसर्क्युलेशनचे बटण दाबा. ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूने हवा ओढण्याचा आवाज स्पष्ट वाढला पाहिजे. वाढला नाही तर फ्लॅप अडकलाय आणि एसीला सतत बाहेरची ४३ अंशांची हवा थंड करावी लागते आहे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात एवढ्या एका कारणाने एसी हरतो.

बर्फ जमण्याची तक्रार असेल तर फिल्टर आणि कॉइल साफ करूनही ती राहते का बघा. राहिली तर कॉइलवरचा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) तपासायचा. कॉइल शून्याजवळ आली की कॉम्प्रेसर थांबवणे हे त्याचे काम. तो जागेवरून सरकलेला असला तरी हाच दोष येतो. डॅशबोर्डचे काम झाल्यावर हे हमखास होते.

## टप्पा ३: गरम हवा मिसळते आहे का

कूलिंग कॉइल बर्फासारखी थंड आहे, पण पुढे हीटरमधून गरम हवा मिसळते. गेज लावले तर सगळे आकडे योग्य दिसतात आणि मेकॅनिक चक्रावतो.

तापमानाचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. डॅशबोर्डच्या आत फ्लॅप सरकल्याचा हलका आवाज आला पाहिजे. केबल असलेल्या गाड्यांत ती क्लिपमधून निसटते, मोटर असलेल्या गाड्यांत प्लॅस्टिकचा दाता तुटतो आणि टकटक ऐकू येते. ज्या गाडीत हीटरला पाण्याचा व्हॉल्व्ह आहे, तिथे नॉब 'कोल्ड'वर ठेवून हीटरच्या दोन्ही होजजवळ हात न्या. एक गरम आणि एक बरीच गार असेल तर व्हॉल्व्ह बंद होतो. दोन्ही चटका देत असतील तर तो बंद होत नाही. व्हॉल्व्ह नसलेल्या गाडीत मात्र दोन्ही होज गरम असणेच बरोबर आहे, तिथे या चाचणीला अर्थ नाही.

## टप्पा ४: कंडेन्सर आणि पंखा

उन्हाळ्यातला खरा गुन्हेगार बहुधा इथे सापडतो. केबिनमधून ओढलेली सगळी उष्णता कंडेन्सरने बाहेर टाकायची असते. बाहेरच ४४ अंश असेल तर त्याला काम करायला वाव कमी उरतो. पंख्यातली थोडीशी कसर डिसेंबरमध्ये कळतही नाही, मे महिन्यात तीच अंगावर येते.

१. एसी चालू करा आणि पंखा बघा. बहुतेक गाड्यांत तो लगेच किंवा मिनिटभरात सुरू होतो. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा, एक बंद असतो आणि दुसऱ्याच्या आवाजात ते लक्षात येत नाही.

२. कोरा कागद जाळीसमोर धरा. तो कंडेन्सरकडे ओढला जाऊन चिकटला पाहिजे. नुसता फडफडला तर मोटर कमजोर झाली आहे. उलट बाहेर ढकलला गेला तर पंख्याच्या तारा उलट जोडल्या आहेत. मोटर बदलल्यावर होणारी ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पंखा 'फिरतोय' ना!

३. कमी-जास्त असे दोन वेग असतील तर दोन्ही तपासा. एकच वेग गायब असेल तर रिले किंवा पंख्याचा रेझिस्टर.

४. टॉर्च घेऊन वरून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघा. समोरून कंडेन्सर लख्ख दिसतो, कचरा या फटीत दडलेला असतो. साध्या नळीने आतून बाहेर पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या वाकतात आणि दुखणे कायमचे होते.

५. कंडेन्सरच्या कडेचे प्लॅस्टिकचे पडदे आणि फोम जागेवर आहेत का? अपघाताचे काम झालेल्या गाडीत ते सर्रास गायब असतात. मग सिग्नलला पंखा इंजिनकडची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढून ओढतो.

निर्णायक चाचणी: गाडी आयडलला, एसी पूर्ण, थर्मामीटर व्हेंटमध्ये. कंडेन्सरवर समोरून पाण्याचा बारीक फवारा मारा. दोन-तीन मिनिटांत व्हेंटचे तापमान ४-५ अंशांनी खाली आले, तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे: पंखा, कचरा, जुना कंडेन्सर किंवा जास्त भरलेला गॅस. फरक नगण्य असेल तर गळती, कॉम्प्रेसर किंवा आतला अडथळा यांच्याकडे वळा.

हा फवारा इलाज म्हणून वापरू नका, आणि पंख्याच्या मोटरवर किंवा कनेक्टरवर पाणी उडू देऊ नका.

## टप्पा ५: कॉम्प्रेसर, क्लच आणि वीज

आधी तुमच्या गाडीत क्लच आहे का ते ठरवा. क्लच असेल तर एसी चालू केल्यावर 'टक' असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची प्लेट फिरू लागते. काही गाड्यांत क्लच नसलेला कमी-जास्त क्षमतेचा कॉम्प्रेसर असतो, त्याची पुली आणि प्लेट कायम फिरतात. तिथे नुसते बघून काहीच कळत नाही, त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह स्कॅनरने तपासावा लागतो.

क्लच आहे आणि प्लेट फिरत नाही, तर हा क्रम:

- फ्यूज आणि रिले. त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. वेगळ्या नंबरचा 'बसतोय' म्हणून लावू नका.
- क्लचच्या कनेक्टरला व्होल्टेज. इंजिन चालू असताना बॅटरीला १४ व्होल्ट आणि क्लचला ११ असेल तर वायर, अर्थिंग किंवा रिलेचे पॉइंट खराब आहेत.
- व्होल्टेज शून्य. कुणीतरी एसीला परवानगी नाकारतो आहे: प्रेशर स्विच, थर्मिस्टर किंवा ईसीयू. रेडिएटरचे पाणी आणि इंजिनचे तापमान इथेच बघा. गॅस खूपच कमी असेल तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही.

सावधान: प्रेशर स्विचच्या दोन तारा जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नका. कॉम्प्रेसरचे ऑइल गॅससोबत फिरते. गॅस नसेल तर ऑइल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

आता तो दोष जो सकाळी कधीच दिसत नाही. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यात बारीक फट असते, बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये ०.३ ते ०.६ मिमी. वापराने प्लेट झिजते आणि फट वाढते. कॉइल गार असताना ती प्लेट ओढून घेते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, करंट घटतो, चुंबक कमजोर पडतो आणि प्लेट सुटते. परिणाम: सकाळी एसी झकास, दुपारी तासाभराने कोमट, गाडी उभी केली की पुन्हा ठीक. यावर हमखास गॅस भरला जातो किंवा अख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो.

हवा कोमट झाली की इंजिन बंद न करता बॉनेट उघडा. क्लचला पूर्ण व्होल्टेज येते आहे पण प्लेट फिरत नाही, तर दोष हाच. मग इंजिन बंद करून फीलर गेजने तीन ठिकाणी फट मोजा. ०.८ च्या आसपास किंवा जास्त भरली तर प्लेट काढून आतली एखादी शिम (पातळ चकती) कमी केली की काम होते. शिम काढूनही फट बसत नसेल तर क्लचचा संच बदला. कॉइलचा रोध गार असताना साधारण ३ ते ५ ओहम असतो, एकदा गार आणि एकदा गरम असताना मोजा.

## टप्पा ६: गेज

इथपर्यंत सगळे ठीक निघाले तरच गेज लावायचा. निळा कमी दाबाकडे, लाल जास्त दाबाकडे. दोन्ही कपलिंग वेगवेगळ्या आकारांची असल्याने अदलाबदल होत नाही. चष्मा आणि हातमोजे घाला. द्रव गॅस त्वचेवर उडाला तर जागा गोठते, डोळ्यात गेला तर इजा कायमची असते.

पहिली चूक बंद गाडीतच होते. सिस्टिम बंद असताना दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. आत थोडासाही द्रव गॅस शिल्लक असेल तर आर-१३४ए चा दाब ३० अंशांना ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३ आणि ४५ ला १५३ पीएसआयच्या आसपास असतो, मग गॅस २०० ग्रॅम असो की ४००. 'बंद गाडीत १३० दाखवतोय, म्हणजे फुल आहे' हा निष्कर्ष बिनबुडाचा. आकडा यापेक्षा खूप कमी असेल तर गॅस जवळजवळ संपलाय, एवढेच त्यातून कळते.

हीच यादी नवा सिलिंडर तपासायलाही कामाची आहे. सिलिंडर काही तास सावलीत ठेवा, त्याचे तापमान आणि दाब मोजा. दाब यादीपेक्षा लक्षणीय वेगळा निघाला तर आत भेसळ आहे किंवा हवा. तो गॅस गाडीत घालू नका.

चालू गाडीत मोजताना दारे उघडी, ब्लोअर पूर्ण, १५०० आरपीएम, दहा मिनिटे. साधा क्लचवाला कॉम्प्रेसर असेल तर (आकडे पीएसआयमध्ये):

- बाहेर ३३-३५ अंश: निळा ३० ते ४५, लाल २०० ते २६०
- बाहेर ४२-४३ अंश: निळा ४० ते ५५, लाल २६० ते ३३०

हिवाळ्यातले आकडे डोक्यात ठेवून काम करणारा माणूस मे महिन्यात लाल गेजवर ३०० बघून गॅस सोडून देतो, किंवा निळ्यावर ५० बघून कॉम्प्रेसर गेला म्हणतो. दोन्ही चूक. बाहेरचे तापमान लिहिल्याशिवाय गेजचा आकडा लिहू नका.

आकड्यांचा अर्थ असा लावा:

दोन्ही कमी: गॅस कमी. टप्पा ७ ला जा, भरायला घाई करू नका.

दोन्ही जास्त: कंडेन्सरला हवा नाही, गॅस जास्त झालाय, किंवा आत हवा शिरली आहे. कंडेन्सरवर पाणी मारून लाल गेज झपकन खाली आला तर आधी पंख्याकडे बघा. पंखा निर्दोष असेल तर मागच्या टॉप-अपची चौकशी करा.

निळा जास्त, लाल कमी: कॉम्प्रेसर दाबत नाही. आतले व्हॉल्व्ह गेले आहेत किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला आहे.

निळा फारच कमी, अगदी शून्याखालीही: वाटेत अडथळा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या आधी गॅसचा दाब उतरवणारा) किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा). ड्रायरच्या एका बाजूचा पाइप गरम आणि दुसरीकडचा गार किंवा घामेजलेला असेल तर तो तुंबला आहे. दोष येत-जात असेल तर आत ओलावा आहे: एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाणी गोठते, मग वितळते.

दोन्ही योग्य, तरी हवा गरम: टप्पा २ आणि ३ मध्ये काहीतरी नजरेतून सुटले आहे.

कमी-जास्त क्षमतेचा कॉम्प्रेसर निळा आकडा स्वतःच ३० च्या आसपास धरून ठेवतो, गॅस बराच कमी असला तरी. त्या गाडीत फक्त निळा गेज लावून गॅस भरणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून भरणे. तिथे उपाय एकच. गॅस मशीनने बाहेर काढून वजन करा आणि स्टिकरशी ताडून बघा. ३८० ग्रॅमच्या सिस्टिममधून २१० निघाले तर वाद मिटला. खरे तर हा मार्ग कुठल्याही गाडीत सर्वांत भरवशाचा.

## टप्पा ७: गळती

गळतीच्या जागी गॅससोबत ऑइलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. तेलकट काळा डाग हा पहिला पुरावा. या क्रमाने बघा: कंडेन्सरचा खालचा भाग (दगडांचा मार), पाइपचे जोड आणि ओ-रिंग (जोडातले रबरी कडे), कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा सील, शेवटी कूलिंग कॉइल. आणि गेज लावायच्या दोन्ही टोप्या काढून आतल्या पिनवर साबणाचे पाणी टाका. फुगा आला तर पिन बदलली की झाले. एवढ्याशा पिनमुळे दर वर्षी गॅस भरणारे लोक आहेत.

कूलिंग कॉइल दिसत नाही. गाडी थोडा वेळ बंद ठेवून पाणी बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून प्रत्येक जोडाच्या खालून शोधा, वरून नाही.

सिस्टिम रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयला भरून साबण लावा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरायची नाही, तिच्यासोबत ओलावा जातो. बारीक गळतीला यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून आठवड्याने यूव्ही टॉर्चने बघा, आधी जुने डाग पुसून.

सावधान: गळती बंद करणारे बाटलीतले रसायन टाकू नका. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबवते आणि गॅस काढायच्या मशीनचीही वाट लावते.

## टप्पा ८: व्हॅक्यूम आणि वजनाने गॅस

सिस्टिम उघडली की ड्रायर बदला, आणि नव्या ओ-रिंग ऑइल लावून बसवा. काही नव्या गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्या कडेच्या नळीतच असतो. कॉम्प्रेसर आतून झिजून धातूचा चुरा पसरला असेल तर कंडेन्सरही बदलावा लागतो. त्याच्या बारीक नळ्या धुऊन साफ होत नाहीत, आणि तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरला खातो.

ऑइल स्टिकरप्रमाणेच. पीएजी ४६ आणि पीएजी १०० (कॉम्प्रेसर ऑइलचे प्रकार) एकाच्या जागी दुसरे चालत नाही. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला बहुधा पीओई हे वेगळे ऑइल लागते. तिथे पीएजी गेले तर इन्सुलेशन बिघडते. पीएजी हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून बाटलीचे झाकण उघडे ठेवू नका. पावसाळ्यात कोकणात तर अर्धी वापरलेली जुनी बाटली फेकून द्या.

व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणे) किमान ३० मिनिटे. सिस्टिम बरेच दिवस उघडी पडली असेल तर तास-दीड तास. पाच मिनिटांत हवा निघते, ओलावा निघत नाही. मुंबईत गेज पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जायला हवा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे २८ च्या आसपासच थांबेल आणि ते बरोबर आहे. मग पंप बंद करून २० मिनिटे थांबा. काटा हलला तर गळती बाकी आहे. काटा हलला नाही म्हणून मात्र गळती नाहीच असे समजू नका. व्हॅक्यूमला बाहेरचा दाब जेमतेम १५ पीएसआयचा असतो, चालू गाडीत आतला ३००.

गॅस डिजिटल काट्यावर मोजून भरा. ३५० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये ५० ग्रॅमची चूक म्हणजे सातवा हिस्सा. गेजच्या होजमध्येही थोडा गॅस राहतो, तो हिशेबात धरा.

सावधान: इंजिन चालू असताना लाल बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. कॉम्प्रेसरचा दाब गॅसच्या कॅनमध्ये शिरून कॅन फुटू शकतो. चालू गाडीत निळ्या बाजूने भरताना कॅन उभाच धरा. उलटा धरला तर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये जाऊन त्याचे व्हॉल्व्ह तोडतो. कॅन उकळत्या पाण्यात ठेवू नका, उन्हात बंद गाडीतही नको.

## टप्पा ९: गाडी ताब्यात घेताना

टप्पा १ चे मोजमाप त्याच पद्धतीने, जमल्यास त्याच वेळी पुन्हा घ्या. नंतर २० मिनिटे गाडी सिग्नलसारखी आयडलला ठेवा आणि व्हेंटचा आकडा चढतो का ते बघा. गॅरेजमधून निघतानाच्या पहिल्या पाच मिनिटांच्या गारव्यावर पैसे देऊ नका.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: किती ग्रॅम गॅस निघाला, किती ग्रॅम भरला, कुठले ऑइल किती मिली घातले, आणि गळती नेमकी कुठे सापडली. 'एसी गॅस चार्जिंग' एवढीच ओळ असेल तर गळती शोधलेलीच नाही असे समजा. डाय टाकला असेल तर पंधरा दिवसांनी यूव्ही टॉर्च घेऊन जोड पुन्हा बघा आणि व्हेंटचे तापमान पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहा. दोन-तीन अंशांनी चढले असेल आणि बाहेरचे हवामान तेच असेल, तर दुसरी गळती बाकी आहे.